प्रश्नाच्या तोंडाशी ‘डिड’ कसं आलं

दहावीच्या इंग्रजीत एक प्रकार ठरलेला: अधोरेखित भाग उत्तर म्हणून मिळेल असा डब्ल्यू-एच प्रश्न तयार करा. वाक्य भूतकाळातलं निघालं की आमच्या कृष्णाकाठच्या शाळेतली बरीच मुलं तिथं अडायची. ‘व्हेअर डिड रवी वेंट?’ असं लिहून मोकळी व्हायची. मी फळ्यावर नियम लिहायचे: डिड आलं की क्रियापदाचं पहिलं रूप, म्हणजे व्ही-वन. मुलं तो पाठ करायची. पण एखादी मुलगी हटकून विचारायची, “बाई, रवी गेला ना? मग ‘गो’ कसं काय?” तिच्यामागून दुसरं कुणी म्हणायचं, “आणि हे डिड आलंच कुठून? ‘तू गेलास का’ म्हणताना आपण असलं काही घालत नाही.”

दोन्ही प्रश्न खरे आहेत, आणि ‘नियमच आहे’ हे त्यांचं उत्तर नव्हे. खरं उत्तर इंग्लंडच्या इतिहासात सापडतं. मी निवृत्तीनंतर ते सवडीने वाचलं आणि वाटलं, प्रत्येक इंग्रजीच्या शिक्षकाला हे माहीत असायला हवं.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीला प्रश्न विचारायला मदतनीस लागत नव्हता. क्रियापद उचलायचं, कर्त्याच्या आधी ठेवायचं, की झाला प्रश्न. आजच्या शब्दांत सांगायचं तर ‘वेंट रवी?’ किंवा ‘सॉ यू द किंग?’ इंग्रजीच्या जवळच्या नात्यातल्या जर्मन आणि डच भाषा आजही असंच विचारतात. ‘डू’ हे क्रियापद तेव्हाही होतं, पण त्याचा मुख्य अर्थ ‘करणे’. शिवाय आधी आलेलं क्रियापद पुन्हा उच्चारायचं नसेल तर त्याच्या जागी ते उभं राही. पुढे मध्ययुगात त्याच्याकडे आणखी एक काम होतं, ‘करवून घेणे’. सगळी कहाणी तिथून फिरते, असं स्वीडिश अभ्यासक आल्वार एलेगोर्ड यांचं मत. त्यांचा या एका सहाय्यक क्रियापदावरचा ग्रंथ 1953 साली निघाला.

त्यांचा मुद्दा मराठी माणसाला चटकन कळेल. ‘शहाजहानने ताजमहाल बांधला’ असं आपण म्हणतो. त्याने हाताने दगड रचला नाही, बांधवून घेतला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी ‘बांधला’ आणि ‘बांधवला’ यांत ऐकणाऱ्याला फरक जाणवत नाही. मध्ययुगीन इंग्रजीत राजाने चर्च ‘डिड बिल्ड’ म्हटलं की त्याचा अर्थ बांधवलं असा होई, पण व्यवहारात ते ‘बिल्ट’च. वापरून वापरून करवून घेण्याचा अर्थ झिजला आणि ‘डिड’मध्ये उरला तो नुसता भूतकाळ. हा झिजलेला ‘डिड’ तेराव्या शतकात प्रथम दिसतो तो इंग्लंडच्या नैऋत्य भागातल्या पद्यरचनांत. कवींची त्यात मोठी सोय होती. काळाचं ओझं ‘डिड’वर टाकलं की मूळ क्रियापद ओळीच्या शेवटी नेऊन यमक जुळवता येई.

दुसरा एक पक्ष आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जॉन मॅकव्होर्टर आणि इतर काहीजण वेल्श आणि कॉर्निश या ब्रिटनच्या जुन्या केल्टिक भाषांकडे बोट दाखवतात. त्यांतही ‘करणे’ हे क्रियापद असंच मदतनीस म्हणून वापरलं जातं, आणि कॉर्निश तर नैऋत्येच्याच टोकाची. हा पक्ष मला मोहवतो, पण अँगल्स आणि सॅक्सन टोळ्या पाचव्या शतकात ब्रिटनमध्ये पोचल्या आणि लिखाणात पुरावा मिळतो तेराव्या शतकात. मधली आठशे वर्षं ही लकब कागदावर न येता नुसती तोंडात राहिली, असं मानावं लागतं. म्हणून माझा कौल एलेगोर्ड यांच्याकडे झुकतो.

‘डिड’ मूळ कुठूनही आलेलं असो, प्रश्नांत त्याने जम बसवला तो सोळाव्या शतकात. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, त्या पिढीच्या गद्यात जुनी पद्धत सरस होती. पुढच्या शंभर वर्षांत पारडं फिरलं. एलेगोर्ड यांनी 1390 ते 1700 या काळातल्या मजकुरांतली उदाहरणं मोजली. 1550 ते 1575 च्या सुमारास होकारार्थी प्रश्नांपैकी निम्म्याहून अधिक प्रश्नांत हा मदतनीस आलेला दिसतो, आणि नकारार्थी प्रश्नांत त्याहून कितीतरी जास्त. शेक्सपिअर याच काळातला, 1564 साली जन्मलेला. त्याच्या नाटकांत दोन्ही तऱ्हांचे प्रश्न आहेत, कारण लंडनच्या रस्त्यावरही दोन्ही तऱ्हा होत्या.

मदतनीस जिंकला त्यामागे सोय होती. इंग्रजीतल्या विभक्ती गळून पडल्या होत्या. राम कर्ता की कर्म, हे सांगायला मराठीत ‘रामाने’, ‘रामाला’ आहे. इंग्रजीकडे उरली फक्त शब्दांची जागा: आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म. ‘सॉ जॉन द किंग?’ म्हटलं की ही रांग मोडते. ‘डिड जॉन सी द किंग?’ म्हटलं की ती शाबूत राहते आणि प्रश्नाची खूण पहिल्याच शब्दात मिळते. भूतकाळात तर आणखी एक कारण होतं. तेव्हा ‘तू’साठी ‘दाउ’ होतं आणि क्रियापदाला ‘-एस्ट’ लागायचं. ‘लिफ्टेडस्ट दाउ?’ म्हणताना जीभ अडखळते, ‘डिडस्ट दाउ लिफ्ट?’ सहज निघतं.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. ‘वॉक्ड’मधला ‘-एड’ हा प्रत्यय मुळात ‘डू’च्याच भूतकाळातून आला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. चौथ्या शतकातल्या गॉथिक बायबलमध्ये भूतकाळी बहुवचनाला ‘-देदुम’ असा लांबलचक प्रत्यय दिसतो आणि त्यात ते जुनं ‘डिड’ जवळजवळ उघडं ऐकू येतं. ‘वेंट’ हे रूपही मुळात ‘गो’चं नाही. ते ‘वेंड’ या जुन्या क्रियापदाचं भूतकाळी रूप, आणि त्याच्या शेवटचा ‘ट’ हा तोच प्रत्यय. म्हणजे ‘डिड रवी वेंट’ म्हटलं की एकच मदतनीस दोनदा कामाला लावला जातो, एकदा उघड आणि एकदा ‘ट’मध्ये दडलेला. काळ एका जागी सांगून झाला की मूळ क्रियापद मोकळं होतं. व्ही-वनचा नियम एवढाच.

‘हू केम?’ला मदतनीस का नको, याचंही उत्तर यात आहे. तिथं ‘हू’ हाच कर्ता, तो आधीच पहिल्या जागी बसलेला. रांग मोडतच नाही, मग ती सावरायला कुणाला बोलवायचं? ‘वॉज’, ‘कॅन’, ‘विल’ हे तर स्वतःच मदतनीस, ते जुन्या पद्धतीने पुढे सरकतात. काही रोजच्या वापरातली क्रियापदंही हट्टाने मागे राहिली. ‘से’, ‘थिंक’, ‘कम’ घेऊन जुन्या थाटाचे प्रश्न लोक फार काळ विचारत राहिले. जास्त वापराचं रूप तोंडात पक्कं बसतं आणि उशिरा बदलतं.

साध्या होकारार्थी वाक्यात मात्र उलट घडलं. ‘आय डिड गो’ असं विनाकारण म्हणण्याची लकबही सोळाव्या शतकात वाढली होती. ती शंभरात नऊ-दहापर्यंत जाऊन उतरली. हेलसिंकीच्या आर्या नुर्मी यांनी जुन्या खासगी पत्रव्यवहाराचा अभ्यास करून 1999 मध्ये दाखवलं की सतराव्या शतकाच्या आरंभी हा उतार एकाएकी तीव्र झाला. 1603 मध्ये स्कॉटलंडचा राजा जेम्स लंडनच्या गादीवर आला. त्याच्याबरोबर आलेल्या स्कॉटिश मंडळींच्या बोलण्यात ही लकब कमी होती, हे एक कारण त्या सुचवतात. नैऋत्य इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या खेड्यांत ती पुढेही टिकली. तिथल्या बोलीत लिहिणारा कवी विल्यम बार्न्स तर एकोणिसाव्या शतकातला.

व्याकरणकार मागाहून पोचले. इंग्रजीचं पहिलं छापील व्याकरण विल्यम बुलोकरचं, 1586 सालचं. तोवर प्रश्नातला ‘डिड’ निम्मी लढाई जिंकला होता. सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या कोशात होकारार्थी वाक्यातला अनावश्यक ‘डू’ दोषाचा ठरवला, तेव्हा लोकांनी तो बहुतांशी सोडलेलाच होता. रॉबर्ट लोथने 1762 मध्ये प्रश्न आणि नकार यांत त्याला जवळजवळ अपरिहार्य म्हटलं, तेही घडून गेलेल्या गोष्टीची नोंद म्हणून.

हा बदल अजून पुरता थांबलेला नाही. माझ्या वडिलांच्या पिढीने मराठी शाळेत ‘हॅड ही अ हॉर्स?’ हे शुद्ध इंग्रजी म्हणून गिरवलं. ब्रिटिश पुस्तकांत तेव्हा तसंच होतं. आज मुलं ‘डिड ही हॅव अ हॉर्स?’ लिहितात आणि तेच स्वाभाविक वाटतं. पाचशे वर्षांपूर्वी ‘सी’ आणि ‘गो’ यांनी जी वाट धरली, तीच आता ‘हॅव’ने धरली आहे.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. ‘डिड’ची ओळख मुलांना आता लवकर होते, पण ती सूत्राच्या रूपात. सूत्र हवंच, परीक्षेत तेच उपयोगी पडतं. त्याच्या जोडीला मुलांना एवढं तरी सांगावं की हे सूत्र कुणा पंडिताने रचलेलं नाही. पत्रं लिहिणाऱ्यांनी, यमक जुळवणाऱ्यांनी, बाजारात आणि कोर्टात बोलणाऱ्या साध्या माणसांनी एकमेकांना नीट कळावं म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या घडवलं. ज्या नियमाला कारण आहे तो मुलांना परका वाटत नाही. आणि नियमाला ‘का’ विचारणाऱ्या मुलीला उत्तर देणं हे शिक्षकाचं कामच आहे.