मैलांचा हिशेब

गणपतीत रात्रीची आरती झाली, खिरापत वाटून झाली की मांडवातल्या खुर्च्या गोलाकार सरकतात आणि गप्पा सुरू होतात. पूर्वी या गप्पांत रेल्वेचं रिझर्व्हेशन असायचं, आता अमेरिकेची तिकिटं असतात. दांडिया बाजारातले जुने वाडे घ्या की अलकापुरीतले फ्लॅट, आपल्या बडोद्यातल्या बहुतेक मराठी घरांतलं कोणी ना कोणी तिकडे आहे. गेल्या वर्षी याच मांडवात एक काका म्हणाले, "या खेपेला आम्ही मैलांवर गेलो, बिझनेस क्लासने." लगेच चार जण पुढे सरकले. कोणाचे मैल, कसे जमवले, किती पडले? मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "म्हणजे लबाडीच की." काका दुखावले. वाद तिथेच मिटला, पण आमच्या मनातून गेला नाही. त्याचं एक कारण आमच्याच पदरात होतं, ते पुढे सांगतो.

हे मैल आले कुठून, ते आधी पाहू. 1978 साली अमेरिकेत कायदा झाला आणि विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठू लागलं. तोवर भाडी सरकारी मंजुरीने ठरत, त्यामुळे गिऱ्हाईक पळवायचं ते जेवणखाण आणि सरबराई यांच्या जोरावर. आता भावाची चढाओढ सुरू झाली. अमेरिकन एअरलाइन्सकडे 'सेबर' नावाची संगणकावरची आरक्षण यंत्रणा होती. वारंवार प्रवास करणारे कोण, हे तिच्या नोंदींवरून हुडकता येत होतं. या नेहमीच्या गिऱ्हाइकांना बांधून ठेवण्यासाठी 1 मे 1981 रोजी कंपनीने 'ॲडव्हान्टेज' ही योजना आणली: जितके मैल उडाल तितके खात्यावर जमा, पुरेसे साठले की एक प्रवास फुकट. काही दिवसांतच युनायटेडने आपली योजना काढली, बाकीच्या मागोमाग आल्याच. यात कंपनीचं काही जात नाही असं वाटत होतं. रिकामी उडालेली खुर्ची म्हणजे खंडेराव मार्केटात रात्री उरलेली मेथीची जुडी. ती कोणाला तशीच दिली तरी भाजीवाल्याचं काय बिघडतं?

पण 1987 मध्ये याच योजनेला बँकेचं क्रेडिट कार्ड जोडलं गेलं. आता विमानात पाय न ठेवता, किराणा भरून मैल मिळू लागले. कंपनी ते बँकेला विकू लागली. मैल हे अंतर राहिलं नाही, ते नाणं झालं.

टांकसाळ दुसऱ्याची असली की काय होतं, हे आपल्या बडोद्याला ठाऊक आहे. गायकवाडी राज्यात बाबाशाही रुपया चालत असे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तो गेला आणि इंग्रजी कलदार आला. पण तेव्हा जुनी नाणी ठरलेल्या दराने बदलून तरी मिळाली, आणि बाबाशाहीत निदान चांदी होती. मैलात काय आहे? कंपनीचा शब्द, आणि त्याखाली बारीक अक्षरांत, की हे नियम आम्ही केव्हाही बदलू.

नाणं आलं की सराफ आणि दलाल येणारच. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत मैलांवर मिळालेली फुकट प्रवासाची कुपनं विकत घेऊन दुसऱ्यांना विकणारे दलाल उभे राहिले. कंपन्यांनी त्यांना कोर्टात खेचलं. मैल प्रवाशाच्या खात्यावर असले तरी ते विकायचा हक्क त्याला नाही, हे कंपन्यांचं म्हणणं तेव्हापासूनचं आहे.

या सगळ्या इतिहासातला आमचा आवडता माणूस मात्र दलाल नव्हे, एक इंजिनियर आहे. कॅलिफोर्नियातले डेव्हिड फिलिप्स. 1999 साली एका खाद्यपदार्थांच्या कंपनीने जाहीर केलं की आमच्या मालाची दहा लेबलं पाठवा आणि 500 मैल घ्या. लवकर पाठवलीत तर दुप्पट. फिलिप्सनी दुकानं पालथी घातली आणि हिशेब मांडला. सर्वांत स्वस्त माल म्हणजे पुडिंगची वाटी, किंमत 25 सेंट. म्हणजे अडीच डॉलरला 1000 मैल! त्यांनी 12,150 वाट्या घेतल्या, खर्च सुमारे 3,140 डॉलर. आता मुदतीच्या आत इतकी लेबलं सोलणार कोण? त्यांनी सगळं पुडिंग साल्व्हेशन आर्मी या धर्मादाय संस्थेला देऊन टाकलं, आणि त्याच्या बदल्यात संस्थेच्या स्वयंसेवकांनी लेबलं काढून दिली. दान केलं म्हणून 815 डॉलरची करसवलत मिळाली ती वेगळीच. खात्यावर जमा झाले साडेबारा लाखांच्या वर मैल. पुढे 2002 मध्ये एका हॉलिवूडच्या चित्रपटात ही गोष्ट आली.

यात लबाडी कुठे आहे? आम्हाला सापडली नाही. जाहिरात कंपनीने लिहिली, यांनी ती नीट वाचली. खोटं नाव नाही, खोटं लेबल नाही, पुडिंगसुद्धा भुकेल्यांच्या पोटात गेलं. आपल्या आज्या दिवाळीच्या सेलमध्ये हेच करत आल्या, फक्त त्यांना कोणी इंजिनियर म्हटलं नाही.

यापुढची गोष्ट आम्हाला इतकी गोड वाटत नाही. अमेरिकी टांकसाळीने राष्ट्राध्यक्षांची चित्रं असलेली एक डॉलरची नाणी काढली. ती चलनात फिरावीत म्हणून 2008 पासून लोकांना घरपोच द्यायला सुरुवात केली, दर्शनी किमतीला, टपालखर्च सरकारचा. चतुर मंडळींनी क्रेडिट कार्डावर पेट्याच्या पेट्या मागवल्या, नाणी उचलून तशीच बँकेत भरली, त्या पैशांतून कार्डाचं बिल फेडलं आणि मैल ठेवून घेतले. नाणं एकदाही बाजारात फिरलं नाही. 2011 मध्ये टांकसाळीने या खरेदीसाठी कार्ड घेणं बंद केलं. नियम इथेही कोणी मोडला नव्हता. पण पुडिंगवाल्याचे पैसे जाहिरात करणाऱ्या कंपनीने भरले, आणि इथला टपालखर्च त्या चार शेजाऱ्यांनी कर भरून सोसला, ज्यांना या युक्तीचा पत्ताही नव्हता. आम्ही या दोघांना एका रांगेत बसवणार नाही.

पुढाऱ्यांची एक हकीकतही सांगायला हवी. 2002 साली जर्मनीत वर्तमानपत्रांनी उघड केलं की काही खासदार सरकारी दौऱ्यांत मिळालेले मैल खासगी प्रवासाला वापरतात. तेव्हा बर्लिनच्या प्रांतिक सरकारात मंत्री असलेल्या ग्रेगोर गीझींनी त्यावरून राजीनामा दिला. एवढ्याशा मैलांसाठी मंत्रिपद! आपल्याकडेही केंद्र सरकारच्या प्रवासनियमांत हे स्पष्ट आहे: सरकारी तिकिटावर जमलेले मैल सरकारी प्रवासालाच वापरायचे, खासगीला वापरले तर खातेनिहाय कारवाई.

आता कंपन्यांची बाजू. त्या काही साध्याभोळ्या नाहीत. 1988 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने नियम बदलले. फुकट तिकिटांना जागांची मर्यादा आणि ठरावीक दिवसांची बंदी आली, आणि ती आधीच जमलेल्या मैलांनाही लागू केली. प्रवासी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1995 मध्ये निकाल लागला की राज्याच्या ग्राहक-संरक्षण कायद्याखाली तुम्हाला दाद मागता येणार नाही, करार मोडला म्हणून मात्र मागता येईल. 2014 मध्ये आणखी एक दार बंद झालं. नॉर्थवेस्ट कंपनीने गिन्सबर्ग नावाच्या एका धर्मगुरूंचं सभासदत्व काढून घेतलं होतं, कारण काय, तर सात-आठ महिन्यांत त्यांनी 24 तक्रारी केल्या. त्यांनी सचोटीच्या वागणुकीचा मुद्दा काढला. नऊही न्यायमूर्तींनी एकमताने कंपनीची बाजू उचलून धरली. पुढच्या दोन वर्षांत मोठ्या अमेरिकी कंपन्यांनी मैल अंतरावर देणं सोडून खर्चलेल्या डॉलरवर द्यायला सुरुवात केली. नाव मैल, हिशेब पैशांचा! 2020 च्या जूनमध्ये, कोरोनाने विमानं जमिनीवर आलेली असताना, युनायटेडने आपली मैलांची योजनाच तारण ठेवून 5 अब्ज डॉलरच्या कर्जाची तजवीज केली. तेव्हा त्या योजनेची किंमत जवळपास 22 अब्ज डॉलर धरली होती. मेथीच्या जुडीचं हे एवढं झालं.

आपल्याकडे 2012 च्या ऑक्टोबरात किंगफिशरची विमानं थांबली आणि 'किंग क्लब'चे मैल हवेत विरले. 2019 च्या एप्रिलमध्ये जेट बंद पडली, पण तिची योजना वेगळ्या कंपनीकडे होती, म्हणून ते पॉइंट नव्या नावाने तगले. हे आधी कोणाला सांगता आलं असतं? जपून जपून साठवणाऱ्याचंच जास्त बुडतं, हे चलन असं उलटं आहे.

आता आमचं. काही वर्षांपूर्वी सुनेच्या बाळंतपणासाठी आम्हा दोघांना न्यू जर्सीला जायचं होतं. गुडघ्यांमुळे सोळा तास मागच्या खुर्चीत बसणं जमणार नव्हतं. ओळखीतून एका एजंटाने निम्म्या भावात बिझनेस क्लास देऊ केला. पैसे भरल्यावर कळलं की तिकिटं कोणा अनोळखी माणसाच्या मैलांतून काढलेली आहेत. "काउंटरवर विचारलं तर पुतण्याने काढून दिली म्हणा," त्याने फोनवर सांगितलं. जाताना कोणी विचारलं नाही. पण विचारलं असतं तर आम्ही तसंच म्हणणार होतो. विमानतळावर जाताना टॅक्सीत त्या पुतण्याचं नाव आम्ही दोनदा घोकलंही होतं.

परतताना काउंटरवरच्या मुलीने बराच वेळ स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, "ज्यांच्या खात्यावरून ही तिकिटं निघाली, ते तुमचे कोण?" मुलगा सोडायला आला होता, शेजारीच उभा होता. त्याच्यादेखत आम्हाला 'पुतण्या' म्हणता आलं नाही. ते खातं कंपनीने बंद केलं होतं, तिकिटं रद्द झाली होती. मुलाने ऐनवेळच्या भावाने दुसरी काढली, मागच्या वर्गाची. एजंटाने पुन्हा फोन उचलला नाही. त्या अनोळखी माणसाने आपले मैल विकले होते की कोणी त्याच्या खात्यातून चोरले होते, हे आम्हाला आजवर कळलेलं नाही. मुलगा गाडी लावायला गेला होता तेव्हा आम्ही एकमेकांशीही बोललो नाही.

यंदा दिवाळीनंतर पुन्हा जायचं आहे. या वेळी तिकिटं मुलाने स्वतःच्या मैलांतून काढली. मैल ऑफिसच्या दौऱ्यांचे. आम्ही विचारलं, "अरे, हे ऑफिसचे नव्हेत का?" तो हसला. दुसऱ्या दिवशी त्याने त्यांच्या प्रवासनियमांचं एक पान पाठवलं, त्यात दौऱ्यावर मिळालेले मैल कर्मचाऱ्याचे असतील असं लिहिलं आहे. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून त्याची प्रत काढून पासपोर्टच्या पाकिटात ठेवली आहे.