मृद्भक्षण : एका जुन्या रोगाची हकीगत

माती खाण्याची खोड आपल्याकडे एक तर कौतुकाचा विषय ठरली, नाही तर लाजेचा. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात गरोदर सुदक्षिणेच्या मुखाला येणारा मातीचा गंध दिलीप राजा एकांतात हुंगतो. पुढे पृथ्वी भोगणारा पुत्र पोटी आहे म्हणूनच राणीला हे डोहाळे, अशी गोड उपपत्ती कालिदास सांगतो. कवीला ती शोभते.

वैद्याची दृष्टी निराळी. सुश्रुताने पांडुरोग चार प्रकारचा मानला. चरकाने पाचवा, मृद्भक्षणाने होणारा, वेगळा सांगितला. न पचलेली माती स्रोतसे अडविते व बल, वर्ण आणि अग्नी यांचा नाश करते, हे त्याचे निदान. पण खरे लक्षात ठेवण्याजोगे आहे ते पुढचेच. पोटातील माती शोधनाने काढावी, मग बलासाठी औषधी तूप द्यावे. आणि इतके करूनही ज्याची हाव सुटत नाही, त्याला कडुनिंब, वावडिंग, कुटकी इत्यादिकांची भावना दिलेली मातीच द्यावी, म्हणजे तिचा वीट येईल! हा प्रयोग आज कोणी घरी करू नये हे उघडच आहे. परंतु रोग्याला दटावून माती सुटत नसते, हे चरकाने ओळखले होते.

पाश्चात्त्य वैद्यकात या विकाराला ‘पायका’ म्हणतात. वाटेल ते चोचीत धरणाऱ्या एका पक्ष्याच्या लॅटिन नावावरून. अमेरिकन मनोवैद्यक संघाने २०१३ च्या वर्गीकरणात पायका, गिळलेले अन्न वारंवार तोंडात आणण्याचा विकार आणि वजनाची चिंता नसताना अन्न टाळण्याचा विकार ही तिन्ही दुखणी आहारविकारांच्या एकाच प्रकरणात आणली. ती केवळ मुलांची नव्हेत, हे त्यामुळे स्पष्ट झाले. रक्तातील लोहाची उणीव पायकाबरोबर पुष्कळदा आढळते. त्यांत कारण कोणते व कार्य कोणते, हा वाद मिटलेला नाही. कृमी, शिशाची विषबाधा, आतडे अडणे ही भये मात्र निर्विवाद आहेत.

येथे जबलपूरच्या सराफ्यात सोन्याचा हिशेब रतीपर्यंत ठेवतात. पण सून पाटीवरची पेन्सिल चोरून खाते, ही गोष्ट दाराबाहेर जात नाही. बदलीच्या गावी तर सांगावे असे वडीलधारे माणूसही जवळ नसते. अशा वेळी प्रथम डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यावे; लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नयेत. ओढ तरीही टिकली, तर मनोविकारतज्ज्ञाला भेटावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ असून तेथे मराठीतही बोलता येते.