तेलातला लोखंडी कण

ऊसवाहतुकीचा हंगाम तोंडावर आला, की आमच्या दिंद्रुड परिसरात ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचे ऑइल बदलले जाते. जाणता मेस्त्री जुने ऑइल बोटांवर चोळून पाहतो. लोखंडाचा कीस लागला, तर आत दाते झिजताहेत हे तो ओळखतो. हेलिकॉप्टरच्या देखभालीचा इतिहास म्हणजे याच कृतीचा विस्तार. मात्र बिघडलेला ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला उभा करता येतो. हेलिकॉप्टरला ती सोय नाही.

इंजिनाचे मिनिटाला हजारो फेरे काही शेकड्यांवर आणून वरच्या पंख्याला देणे हे मुख्य गिअरबॉक्सचे काम. इंजिने दोन असू शकतात, हा गिअरबॉक्स एकच असतो. म्हणून तेलाच्या वाटेत चुंबकीय शोधक बसवतात. त्यावर धातूचे कण साचले, की वैमानिकापुढे दिवा लागतो. तेलाचे नमुने प्रयोगशाळेत तपासून धातूंचे प्रमाण मोजण्याची जोडपद्धत १९४० च्या दशकात अमेरिकी रेल्वेने डिझेल इंजिनांसाठी रुळवली होती.

आपल्याकडे हा प्रश्न समुद्राने जवळ आणला. १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर ‘बॉम्बे हाय’ येथे तेल सापडले. १९८५ मध्ये ‘पवन हंस’ची स्थापना झाली, आणि जुहूहून तेलफलाटांवर कामगारांची ने-आण हे तिचे मोठे काम ठरले.

असेच काम ब्रिटनच्या उत्तर समुद्रात चाले. ६ नोव्हेंबर १९८६ रोजी शेटलंड बेटांजवळ परतणाऱ्या चिनूकच्या पुढच्या गिअरबॉक्समधील दातेरी कडे तुटले. पुढच्या-मागच्या पंख्यांचा मेळ सुटून पाती एकमेकांवर आदळली. ४७ पैकी ४५ जण गेले. त्यानंतर कंपने सतत नोंदवून दात्यांची, बेअरिंगची प्रकृती सांगणाऱ्या ‘हम्स’ यंत्रणेला वेग आला. १९९१ मध्ये ती उत्तर समुद्रात वापरात आली. १९९९ मध्ये ब्रिटनने मोठ्या प्रवासी हेलिकॉप्टरांना ती सक्तीची केली.

तरीही १ एप्रिल २००९ रोजी स्कॉटलंडजवळ सुपर प्यूमा कोसळून १६ जण दगावले. आठवडाभर आधी शोधकावर एक कण सापडला होता. संवादातल्या गैरसमजामुळे पुढची पूर्ण तपासणी झाली नाही. २९ एप्रिल २०१६ रोजी नॉर्वेत त्याच कुळातल्या हेलिकॉप्टरचे तशाच जातीचे चाक तडकले आणि १३ जण गेले. या वेळी तर ना शोधकाने इशारा दिला, ना कंपनांनी. तडा पृष्ठभागाखाली वाढला होता. अखेर दोन प्रकारच्या बेअरिंगांपैकी अधिक ताण सोसणारा प्रकार काढून टाकावा लागला आणि सुट्या भागांचे आयुष्य कमी करावे लागले.

निरीक्षणाची मर्यादा इथे दिसते. कण सापडला, तर त्याचा अर्थ लावणारा माणूस आणि काम थांबवण्याचा त्याचा अधिकार लागतो. कण सापडलाच नाही, तर भाग वेळेआधी बदलण्याचा खर्च सोसावा लागतो. फलाटावर निघालेला कामगार या दोन निर्णयांच्या भरवशावरच आत बसतो.