केईएम जवळ आहे, पण किती मिनिटांवर?

मंडळी, आपल्या परळ-लालबागात कुणाला मोठा मार लागला की गर्दीतून एकच आवाज येतो, "केईएमला न्या!" पत्ता कुणी विचारत नाही. या सवयीला आता शंभर वर्षं झाली. पोस्ट थोडी मोठी आहे, पण विषय आपल्या सगळ्यांचा आहे, म्हणून लिहितोय.

केईएम सुरू झालं 1926 साली, त्याआधी वर्षभर जीएस मेडिकल कॉलेज. जेजेच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वरच्या जागा गोऱ्या सरकारी डॉक्टरांच्या हातात असायच्या. म्हणून गोवर्धनदास सुंदरदास यांच्या देणगीला अट होती की इथे शिकवणारे सगळे हिंदी असावेत. जागाही अशी की चारी बाजूंना गिरण्या. पट्ट्यात हात सापडलेला, साच्यावर बोटं गेलेली, रुळांवर पडलेला कामगार इथेच यायचा. "ट्रॉमा" हा शब्द आपल्याकडे रुळण्याच्या कितीतरी आधीपासून इथले सर्जन, सिस्टर, वॉर्डबॉय हेच काम करत होते.

मग ट्रॉमा सेंटर म्हणजे वेगळं काय? अमेरिकेत बाल्टिमोरला डॉ. अॅडम्स काउली यांनी 1960 च्या दशकात मांडलं की जबर जखमी माणसाचं जगणं-मरणं पहिल्या तासाभरात ठरतं. मिनिटांचा हिशेब प्रत्येक जखमेला वेगळा असतो, पण तत्त्व जगाने मान्य केलं. 1976 साली जेम्स स्टायनर या हाडांच्या डॉक्टरचं विमान नेब्रास्कात कोसळलं. पत्नी जागीच गेली, मुलं जखमी झाली. गावच्या रुग्णालयात मुलांवर झालेले उपचार बघून तो हादरला. त्यातून डॉक्टरांसाठी एक ठरलेला क्रम तयार झाला. आधी श्वासाचा मार्ग, मग श्वास, मग रक्तस्राव, मग मेंदू, मग अंगावरच्या बाकी जखमा. मोडलेला पाय कितीही भयंकर दिसला तरी आधी छाती बघायची.

चांगल्या ट्रॉमा विभागात रुग्ण दारात येतो तेव्हा सर्जन, भूलतज्ज्ञ, हाडांचे डॉक्टर, सिस्टर एकत्र तयार असतात. एक जण श्वासनळी सांभाळतो, दुसरा छातीत साठलेलं रक्त नळीने काढतो, तिसरा पोटाची सोनोग्राफी करतो, रक्तपेढीला निरोप गेलेला असतो. माणूस फारच खालावला असेल तर पहिल्या ऑपरेशनमध्ये फक्त रक्त थांबवतात, उरलेली दुरुस्ती एक-दोन दिवसांनी. आपल्याकडे सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात ट्रॉमासाठी वेगळा विभाग उभा राहिला. महामार्ग आणि रेल्वे, दोन्हीकडचा भार तिथे येतो.

आपल्या भागाने याची परीक्षा वारंवार दिली. 12 मार्च 1993 ला सेंच्युरी बाजार, प्लाझा, सेनाभवनाजवळचा पेट्रोल पंप. शहरात 257 माणसं गेली, सातशेहून जास्त जखमी झाली. 11 जुलै 2006 ला लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट. रुळांलगतच्या वस्तीतल्या लोकांनी घरातल्या चादरींत घालून जखमींना बाहेर आणलं. 13 जुलै 2011 ला ऑपेरा हाऊस, झवेरी बाजार आणि दादरचा कबुतरखाना. प्रत्येक वेळी रुग्णालयं रात्रभर जागी राहिली.

पण 29 सप्टेंबर 2017 आठवा. एल्फिन्स्टनच्या पादचारी पुलावर 23 माणसं चेंगरून गेली. केईएम हाकेच्या अंतरावर. छाती दाबली गेली की श्वास काही मिनिटांतच थांबतो. तिथे जगातलं उत्तम ट्रॉमा सेंटरही उशिराच पोचणार. म्हणून माझं म्हणणं असं की, उपचार रुग्णालयाच्या दारात सुरू होत नाहीत. ते पुलावर, फलाटावर, रस्त्यावर सुरू होतात, आणि आपली कमजोर बाजू नेमकी तीच आहे.

रेल्वेचंच बघा. लोकलच्या मार्गांवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं जीव गमावतात. जखमी पडलेला असायचा आणि आधी स्टेशन मास्तरचा मेमो, मग पोलीस, मग हमाल, मग स्ट्रेचर. रेल्वे अपघातात स्वतः पाय गमावलेले समीर झवेरी उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने रेल्वेला फटकारलं, तेव्हा कुठे स्थानकांवर रुग्णवाहिका आणि तातडीच्या उपचारांच्या खोल्या आल्या. 108 ची सेवा राज्यात आली ती 2014 मध्ये.

आणि आता रस्ता. परळ-प्रभादेवी जोडणारा ब्रिटिशकालीन एल्फिन्स्टन पूल 12 सप्टेंबर 2025 ला पाडकामासाठी बंद झाला. पूल जुना होता, नवा हवाच. पण पूल बंद म्हणजे प्रभादेवी-वरळीहून केईएमला येणाऱ्या रुग्णाला दादरचा टिळक पूल नाहीतर करी रोडचा पूल. संध्याकाळी सातला तिथे काय अवस्था असते ते मी तुम्हाला सांगायला नको. अशा कामाच्या मंजुरीत "रुग्णवाहिका किती मिनिटांत पोचेल" हा रकाना पहिला असायला हवा, आणि तो आकडा लोकांसमोर लावायला हवा. नगरसेवक, आमदार मत मागायला येतात तेव्हा हे विचारा.

आपल्या हातातलंही सांगतो. अनेक जण पोलिसांच्या भानगडीला घाबरून जखमीला हात लावत नाहीत. 1989 सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की पोलिसी सोपस्कारांसाठी कुठल्याही डॉक्टरने उपचार अडवायचे नाहीत. 2016 च्या निकालाने आणि 2019 च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने मदत करणाऱ्यालाही संरक्षण दिलं. तुम्हाला नाव सांगायची सक्ती नाही, कुणी थांबवून ठेवू शकत नाही. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कपड्याने घट्ट दाबून धरा, मान वेडीवाकडी हलवू नका, 108 लावा.

गणपतीत लालबागला लाखोंची गर्दी आपली मंडळं सांभाळतात. त्याच कार्यकर्त्यांना केईएमच्या डॉक्टरांकडून दोन तासांचं प्रथमोपचाराचं शिक्षण मिळालं तर? आमच्या मंडळात मी हा विषय काढणार आहे. तुमच्या मंडळातही काढा.