माज (कुत्रीचा)

बीजमोचनाच्या सुमारास कुत्री नराचा स्वीकार करते तो काळ. लहान जातींत पहिला माज ६ ते १० महिन्यांच्या वयात येतो, मोठ्या जातींत दीड-दोन वर्षेही लागतात. पुढे साधारण सहा-सात महिन्यांनी तो पुन्हा येतो. कुत्रीला रजोनिवृत्ती नसते.

लक्षणे : सुरुवातीच्या सुमारे ९ दिवसांत योनिमुख सुजते व रक्तमिश्रित स्राव होतो. कुत्री वारंवार, थोडीथोडी लघवी करते. नर मागे लागतात, पण ती गुरगुरून त्यांना हुसकावते. पुढच्या साधारण तितक्याच दिवसांत स्राव फिका, गवती रंगाचा होतो, सूज मऊ पडते. कमरेवर हात ठेवला की कुत्री स्थिर उभी राहते व शेपटी एका बाजूला वळवते. हाच खरा माज. दोन्ही टप्पे तीन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत कमीजास्त होतात, त्यामुळे केवळ दिवस मोजून ठरवू नये.

घरोघरी हा रक्तस्राव बाईच्या पाळीसारखा समजला जातो आणि रक्त थांबले की कुत्रीला मोकळे सोडतात. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे : गर्भधारणेचे दिवस तेव्हाच सुरू होतात. गिरगाव-लालबागच्या चाळींत दारे दिवसभर उघडी असतात आणि जिन्याखाली नर जमलेले असतात. तेथे ही चूक हमखास भोवते. काही कुत्र्या स्वतःला चाटून इतक्या स्वच्छ ठेवतात की फरशीवर डाग दिसतच नाही. अशा वेळी पांढऱ्या कापसाने रोज टिपून पाहावे.

तपासणी : योनिमार्गातील पेशी काचपट्टीवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. खऱ्या माजात बहुतेक पेशी मोठ्या, कोनेदार व केंद्रक लोपलेल्या दिसतात. परीक्षा स्वस्त आहे, काही मिनिटांत होते, आणि तिचा वापर व्हावा तितका होत नाही. रक्तातील प्रोजेस्टेरॉन मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅमच्या आसपास पोचते तेव्हा बीजमोचन होते. बीज पक्व होण्यास आणखी दोनएक दिवस लागतात. 

भासमान माज : रस्त्यावरील कुत्रीला आठवडेच्या आठवडे रक्त जात असेल तर संसर्गजन्य जननार्बुदाचा संशय घ्यावा. हे अर्बुद समागमातून पसरते व फुलकोबीसारखे दिसते. व्हिन्क्रिस्टीनच्या आठवडी मात्रांनी बहुधा बरे होते. मूत्रमार्गाच्या संसर्गातही रक्त दिसते.

हंगाम : भटक्या देशी कुत्र्यांत पावसाळ्याच्या अखेरीस, विशेषतः भाद्रपदापासून, माजाचे प्रमाण वाढते. गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असल्याने पिले हिवाळ्यात होतात. घरात पाळलेल्या कुत्रीला हा हंगाम लागू पडेलच असे नाही.

जुगलेली जोडी : पाणी ओतून वा काठीने सोडवू नये, दोघांनाही इजा होते. अर्ध्या-पाऊण तासात ती आपोआप सुटते.

शस्त्रक्रिया : माजात गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो, म्हणून पाळीव कुत्रीचे निर्बीजीकरण सहसा दोन-तीन महिने पुढे ढकलतात. भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण २०२३ च्या केंद्रीय नियमांनुसार होते. कानाला दिलेली खाच ही त्याची खूण.

माजानंतर : महिना-दोन महिन्यांत कुत्री फार पाणी पिऊ लागली, जेवेनाशी झाली, उलट्या करू लागली, तर गर्भाशयात पू झाल्याची शक्यता असते. गर्भाशयमुख बंद असेल तर बाहेर काहीच दिसत नाही. अशा कुत्रीला त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे.