कणसीमा आणि प्रावरणातील खनिजांचे विरूपण

खडकातील दोन स्फटिककण जेथे एकमेकांना भिडतात, त्या पृष्ठाला कणसीमा म्हणतात. शेजारच्या कणांतील अणूंच्या रांगा वेगवेगळ्या दिशांना असल्याने सीमेवरील सुमारे १ नॅनोमीटर जाडीच्या पट्ट्यात मांडणी विस्कळीत असते. तेथे अणू कणाच्या अंतर्भागापेक्षा सहज सरकतात. पृथ्वीचे प्रावरण घन असूनही लक्षावधी वर्षांत संथपणे वाहते, त्यात या अतिसूक्ष्म पट्ट्यांचा वाटा मोठा आहे.

विरूपणाच्या रीती : सुमारे ४१० किमी. खोलीपर्यंतच्या प्रावरणात ऑलिव्हीन हे प्रमुख खनिज असून त्याच्या जोडीला पायरोक्सिने असतात. ऑलिव्हीनचे विरूपण मुख्यतः तीन रीतींनी होते. पहिल्या रीतीत कणाच्या आतील रचनादोष सरकतात. या रीतीतील विरूपणाचा वेग कणाच्या आकारावर अवलंबून नसतो, पण ताण वाढला की तो झपाट्याने वाढतो. कण एका दिशेला वळतात आणि भूकंपलहरी काही दिशांना अधिक वेगाने जातात. दुसऱ्या रीतीत अणूंचे विसरण होते. ते कणाच्या आतून झाल्यास वेग आकाराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो (नाबारो–हेरिंग), तर कणसीमांवरून झाल्यास घनाच्या व्यस्त प्रमाणात (कोबल, १९६३). म्हणजे कण निम्म्या आकाराचे झाले, तर कोबल रीतीने विरूपण आठपट वेगाने होते. तिसऱ्या रीतीत कण सीमांवरून एकमेकांवर घसरतात.

कणांचा आकार : अधिक ताणाखाली मोठे कण मोडून नवे बारीक कण तयार होतात. त्यामुळे कणसीमा वाढतात, खडकाचा तेवढा पट्टा दुबळा होतो आणि पुढचे विरूपण तेथेच एकवटते. उष्णतेने कण पुन्हा वाढू लागतात. मात्र ऑलिव्हीनमध्ये मिसळलेले पायरोक्सिनाचे कण सीमा अडवून धरतात, म्हणून पट्टा दीर्घकाळ दुबळा राहू शकतो.

वऱ्हाडाचा संबंध : अमरावती व अकोला जिल्ह्यांतील काळा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्हाचा आहे. तो शिलारस प्रावरणाच्या अंशतः वितळण्यातून निघाला. वितळण्याची सुरुवात वेगवेगळ्या खनिजांचे कण जेथे भिडतात तेथे होते. थोडासा वितळलेला रससुद्धा तीन कण जेथे मिळतात त्या कडांवरून जोडलेल्या वाटा तयार करतो आणि वर सरकतो. काळ्या रेगूर मातीला जन्म देणाऱ्या या खडकाचा प्रवास असा कणसीमांवरूनच सुरू झाला.

कणसीमांचे विरूपणातील काम प्रत्यक्ष पाहायचे, तर गाविलगड विभंगाकडे वळावे लागते. मेळघाटाच्या दक्षिण पायथ्याशी तो पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैर्ऋत्य जातो. त्याच्या दक्षिणेस पूर्णा खोऱ्याचा गाळ आहे. मोर्शी तालुक्यातील सालबर्डी येथे बेसाल्टखालचे जुने खडक उघडे पडले आहेत. याच विभंगाच्या पूर्वेकडील विस्तारात, छिंदवाडा जिल्ह्यातील कन्हान खोऱ्यात, गाविलगड–तान कातरपट्ट्यातील ग्रॅनाइटचे मायलोनाइटात, म्हणजे कातरणाने बारीक कणांच्या झालेल्या खडकात, रूपांतर झाले आहे. त्यातील क्वार्ट्झचे कण ताणाखाली पुनःस्फटिकीकरणाने बारीक झालेले दिसतात. हे खडक कवचातले आहेत, प्रावरणातले नव्हेत. क्वार्ट्झ सुमारे ३००° से. पलीकडे आकार्य होते, तर ऑलिव्हीनला त्याहून पुष्कळ अधिक तापमान लागते. कण बारीक होऊन पट्टा दुबळा होण्याची क्रिया मात्र दोन्हींकडे सारखी आहे.

अभ्यास : खडकाचा पातळ काप ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कणांचा आकार मोजतात आणि त्यावरून पूर्वीच्या ताणाचा अंदाज बांधतात. वऱ्हाडी बेसाल्टमधील ऑलिव्हीन शिलारसातून नव्याने स्फटिकले असल्याने त्यावरून प्रावरणाच्या प्रवाहाची दिशा ठरवता येत नाही. त्यासाठी शिलारसाबरोबर न वितळता वर आलेले प्रावरणाचे खंड लागतात. दख्खन प्रदेशात असे खंड कच्छमधील अल्कधर्मी बेसाल्टात सापडतात.