कोणताही भाग, कोणत्याही बंदुकीला

अमेरिकेत पहिलीवहिली सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेऊ पाहणारा हौशी माणूस कधीकधी तयार रायफल घेतच नाही. तो सुटे भाग घेतो. नळी एका कंपनीची, चापाचा संच दुसरीचा, दस्ता तिसऱ्याच कुणाचा. नाहीतर एकाच खोक्यात आलेलं आख्खं किट. खरेदीआधी तो डोकं खाजवतो ते दर्जा आणि किमतीवरून. हे भाग एकमेकांत बसतील का, ही शंका त्याला सहसा शिवत नाही. एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या कामगारांनी वेगवेगळ्या गावांत केलेले तुकडे मुकाट्याने जुळावेत, हे आज आपण गृहीत धरतो. ते जुळवायला मात्र दोन देशांच्या तिजोऱ्या आणि साठेक वर्षांची चिकाटी लागली.

अठराव्या शतकातली बंदूक म्हणजे एकट्यादुकट्या कारागिराची करामत. चकमकीच्या बंदुकीचा सगळा जीव तिच्या बाजूला बसवलेल्या कळीत असे: चकमक धरणारा घोडा, त्याला ताण देणारी कमान, अडकवून ठेवणारी खीळ आणि चार-दोन स्क्रू. कारागीर एकेक तुकडा कानशीने घासायचा, शेजारच्या तुकड्याला लावून पाहायचा, पुन्हा घासायचा. अशी जमलेली कळ उत्तम चाले, पण तिची कमान दुसऱ्या बंदुकीला चालत नसे. रणांगणात कमान तुटली की शेजारी पडलेल्या शंभर नादुरुस्त बंदुकांचा काडीचा उपयोग नाही. दुरुस्तीला कारागीरच हवा.

हे दुखणं पहिल्यांदा मनावर घेतलं फ्रेंच तोफखान्याने. तोफा आणि तोफगाड्यांना एकसारखेपणाची शिस्त लावणारे सेनानी ग्रिबोव्हाल यांच्या पाठबळावर ओनोरे ब्लाँ या बंदूककाराने साचे, ठसे आणि मापांच्या पट्ट्या वापरून कळी बनवायला घेतल्या. 1785 मध्ये अमेरिकेचे फ्रान्समधले वकील थॉमस जेफरसन त्याच्या कारखान्यात गेले. ब्लाँने पन्नास कळींचे सुटे भाग कप्प्यांत मांडून ठेवले होते. जेफरसननी हाताला लागेल तो तुकडा उचलत काही कळी स्वतः जुळवल्या. सगळे तुकडे चपखल बसले. त्यांनी लगेच मायदेशी कळवलं, की हत्यारं दुरुस्त करायची वेळ येईल तेव्हा या युक्तीचा फायदा होईल. फ्रान्समध्ये मात्र राज्यक्रांतीच्या धामधुमीत ब्लाँचा उद्योग मागे पडला.

अमेरिकेतल्या शाळांत या शोधाचं श्रेय दीर्घकाळ एली व्हिटनी यांना दिलं गेलं. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रामुळे त्यांचं नाव झालेलं होतं. 1798 मध्ये त्यांनी सरकारकडून दोन वर्षांत 10,000 बंदुका देण्याचं कंत्राट घेतलं. 1801 मध्ये बड्या मंडळींसमोर सुट्या भागांतून कळी जुळवून दाखवल्या आणि वाहवा मिळवली. कंत्राट पुरं व्हायला 1809 उजाडलं. पुढे अभ्यासकांनी त्यांच्या शिल्लक राहिलेल्या बंदुका उघडल्या, तेव्हा आतल्या भागांवर कुठला तुकडा कुठल्या कळीचा हे सांगणाऱ्या खुणा निघाल्या. खुणा लागतात तिथे अदलाबदल होत नसते. व्हिटनींनी कल्पना विकली. माल जुन्याच पद्धतीचा होता.

खरं काम झालं ते पोटोमॅक आणि शेनंडोआ नद्यांच्या संगमावर, हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रशाळेत. मेन प्रांतातल्या जॉन हॉल यांना मागून भरायच्या रायफलीचं पेटंट 1811 मध्ये मिळालं होतं. 1819 मध्ये सरकारने त्यांना एक हजार रायफलींचं काम दिलं. हॉल यांनी रायफली करण्याआधी त्या करणारी यंत्रं केली, आणि यंत्रांच्याही आधी मापकं. त्यांची मोठी अक्कल एका साध्या गोष्टीत दिसते. एका कडेवरून दुसरी मोजायची, दुसरीवरून तिसरी, असं केलं की प्रत्येक पायरीची बारीक चूक पुढच्या पायरीवर चढते आणि शेवटी भाग बसत नाही. हॉल यांनी प्रत्येक भागावर एक ठिकाण मुक्रर केलं आणि सगळी मापं तिथूनच घेतली. भोसरीतला किंवा कोल्हापूरच्या शिरोलीतला मशीनिस्ट आज ज्याला ‘डेटम’ म्हणतो, तेच हे.

काम लांबलं, खर्च वाढला, वरून बोलणी बसली. पण सरकारी तपासनिसांनी रायफली सुट्या करून, भागांची सरमिसळ करून पुन्हा जुळवल्या तेव्हा त्या जुळल्या. पुढची परीक्षा अधिक कठीण होती. कनेक्टिकटमधल्या सिमियन नॉर्थ यांना त्याच रायफलींचं कंत्राट मिळालं, अट अशी की त्यांचे भाग हार्पर्स फेरीच्या रायफलींना लागले पाहिजेत. 1830 च्या दशकाच्या मध्यापर्यंत तेही साधलं. दोन गावं, दोन कारखाने, तरी भाग एकमेकांना चालतात, असं तेव्हा घडलं. आजच्या किटची जन्मवेळ सांगायची तर ती हीच.

दुसरी सरकारी शस्त्रशाळा मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डची. तिथे थॉमस ब्लँचर्ड यांनी असं लेथ उभं केलं, की लोखंडी नमुन्यावरून एक चाक फिरे आणि त्याच्या हालचालीनुसार शेजारचं पातं लाकडाचा वेडावाकडा दस्ता कापून काढी. 1854 मध्ये ब्रिटिश लष्कराची समिती हे सगळं पाहायला आली. समितीने 1844 ते 1853 या काळात बनलेल्या दहा बंदुका निवडल्या, त्या पूर्ण सुट्या करून भाग खोक्यांत मिसळायला लावले आणि कामगाराला जोडायला सांगितलं. सभासद हाताला येईल तो भाग त्याच्या हातात देत होते. त्याच्याकडे हत्यार होतं ते फक्त एक पेचकस. दहाही बंदुका उभ्या राहिल्या. कानस कुठेच लागली नाही. इंग्रजांनी अमेरिकेतून तशी यंत्रं विकत घेऊन एन्फील्डच्या कारखान्यात बसवली.

शस्त्रशाळांतून निघालेले कारागीर ही विद्या शिलाई यंत्रांत, सायकलींत आणि मोटारींत घेऊन गेले. हेन्री लीलंड तरुणपणी स्प्रिंगफील्डला काम करत होते. त्यांच्या कॅडिलॅक कंपनीच्या तीन मोटारी 1908 मध्ये इंग्लंडात सुट्या करून, भाग मिसळून पुन्हा जोडल्या आणि 500 मैल पळवल्या. स्वीडनमध्ये एस्किल्स्तुनाच्या रायफल कारखान्यातले कार्ल एडवर्ड योहान्सन यांनी मापांच्या पोलादी ठोकळ्यांचा संच तयार केला. ठोकळ्यांना शेवटचा हात द्यायला त्यांनी घरात बायकोचं शिलाई यंत्रच घासण्याच्या कामाला जुंपलं होतं. आपल्या आयटीआयमध्ये पोरं ‘स्लिप गेज’ म्हणून हाताळतात ते या ठोकळ्यांचेच वंशज. म्हणजे कुर्ल्याच्या गल्लीत मोटारीचा जो सुटा भाग मिळतो, त्याचं आजोळ बंदुकीच्या कारखान्यात आहे.

सेमी-ऑटोमॅटिक रायफल या घरात उशिरा आली. चाप एकदा दाबला की एकच गोळी सुटते, आणि सुटलेल्या गोळीच्याच जोरावर पुढचं काडतूस आपोआप नळीत चढतं, ही तिची रीत. स्प्रिंगफील्डमध्येच जॉन गॅरँड यांनी घडवलेली एम-1 रायफल अमेरिकी लष्कराने 1936 मध्ये स्वीकारली. मग 1950 च्या दशकात फेअरचाइल्ड या विमान कंपनीच्या आर्मालाइट शाखेत यूजीन स्टोनर यांनी विमानासारखंच अॅल्युमिनियम वापरून हलकी रायफल रचली. तिचं अंग वरचं आणि खालचं अशा दोन तुकड्यांचं होतं. 1959 मध्ये आर्मालाइटने याच घडणीच्या एआर-15 रायफलीचे हक्क कोल्टला विकले. त्यातून लष्कराची एम-16 झाली आणि 1960 च्या दशकात सामान्य गिऱ्हाइकासाठी सेमी-ऑटोमॅटिक आवृत्ती निघाली. पेटंटांची मुदत संपल्यावर अनेक कारखाने त्याच मापांचे भाग करू लागले. हॉल आणि नॉर्थ यांनी दोन गावांत साधलेली गोष्ट आता देशभर पसरली.

मग कायद्यापुढे प्रश्न उभा राहिला: सगळेच भाग बदलता येत असतील, तर यातली बंदूक कुठली? 1968 च्या अमेरिकी कायद्याने उत्तर दिलं, की ज्यात बाकीचे भाग बसतात तो सांगाडा म्हणजे बंदूक. एआर-15 मध्ये हा मान खालच्या तुकड्याला मिळाला. क्रमांक त्याच्यावर, दुकानदाराच्या वहीत नोंद त्याची. नळी, दस्ता, चाप मोकळे. यातून पळवाट निघाली. सांगाडा अर्धवट ठेवून किट विकलं की विक्रेता म्हणे, ही बंदूकच नाही. बिनक्रमांकाच्या अशा बंदुका गुन्ह्यांत सापडू लागल्या, पण माग काढायला धागा नव्हता. 2022 मध्ये सरकारने नियम केला, की सहज बंदूक होऊ शकणारी किटंही बंदूकच मानली जातील. मार्च 2025 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो 7 विरुद्ध 2 मतांनी उचलून धरला.

भारतात या प्रश्नाचं उत्तर 1959 च्या शस्त्र कायद्यातच आहे. त्याच्या व्याख्येनुसार शस्त्राचे सुटे भाग हे शस्त्र, आणि शस्त्र बनवण्याची यंत्रंही शस्त्रच. परवान्यावाचून ती बनवणं किंवा विकणं हा गुन्हा आहे. परदेशातल्या किटच्या जाहिराती आपल्याकडच्या मोबाइलवरही दिसतात, म्हणून वाचकाने एवढं पक्कं ध्यानात ठेवावं: तिथे दुकानाच्या काउंटरवर मोकळी मिळणारी नळी इथे एकटीच, कशालाही न जोडता, कायद्याने पुरती बंदूक आहे.